लापशीला साबणाची चव

गेल्या महिन्यात कार्यालयात एक पाकीट आले. आत अर्धा किलो ओट्सचे पोहे आणि वहीच्या दोन पानांवर लिहिलेले पत्र. लिहिणारे आमचे जुने वर्गणीदार, दूधपट्ट्यातले. गोठ्यासाठी दर रब्बीला ओट पेरतात आणि जोडीला ज्वारीचे पोहे करण्याचा छोटा कारखाना चालवतात. यंदा ओटच्या कापण्या घेऊन झाल्यावर एक तुकडा त्यांनी बियांसाठी राखला, आणि पेरणीला लागेल त्याच्या कितीतरी पट दाणा हाती आला. दुकानातल्या ओट्सच्या पाकिटावरची किंमत त्यांना ठाऊक होती. घरात रोलर होता. पुढचे ओघानेच झाले.

भाताच्या हलरवर दाणे सोलले, पाखडले, पोत्यात भरले. रोलर मोकळा व्हायला पंधरा दिवस गेले. ज्वारी शिजवून घ्यावी लागते, पण हा दाणा मुळातच मऊ. म्हणून कोमट पाण्यात थोडा मुरवला, रोलरमधून काढला आणि उन्हात वाळवला. पोहे देखणे निघाले. पहिल्या आठवड्यात घरी लापशी झाली, ती सगळ्यांनी खाल्ली. तिसऱ्या आठवड्यात सून म्हणाली, पातेल्याला साबण राहिलेला दिसतो. पातेले पुन्हा घासले, लापशी पुन्हा केली, चव तीच. पत्राच्या शेवटी त्यांचा प्रश्न होता: ‘रोलरचा दाब कमी पडला का?’

रोलरचा यात काही संबंध नाही. पण प्रश्न रोलरकडेच वळावा, यात आपल्या धंद्याची एक खोड दिसते. यंत्र म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे फिरणारे, आवाज करणारे, कर्ज काढून आणलेले यंत्र येते. धान्याला वाफ देणारी गुपचूप उभी टाकी कुणाच्या लेखी यंत्रच नसते. ओट्सच्या गिरणीत मात्र मालाचे बरेवाईट त्या टाकीतच ठरते.

असे का, ते दाण्यातच दडलेले आहे. तांदळात तेल असते, पण ते बहुतेक कोंड्यात आणि कोंबात. पॉलिश केले की तेल गेले. उरलेल्या दाण्यात ते एक टक्काही नसते. गव्हात दीड-दोन टक्के. तूस काढलेल्या ओटमध्ये वाणाप्रमाणे पाच ते नऊ टक्के तेल असते, आणि बराचसा भाग दाण्याच्या गरातच पसरलेला असतो. म्हणजे घासून, पॉलिश करून ते काढता येत नाही. त्याच दाण्याच्या बाहेरच्या थरांत लायपेज नावाचे विकर भरपूर असते. अख्ख्या दाण्यात तेल आणि विकर आपापल्या खोल्यांत राहतात, म्हणून तुसातला ओट कोरड्या कोठारात महिनोन्‌महिने टिकतो. दाणा फुटला, खरचटला, चेपला की खोल्यांच्या भिंती पडतात. लायपेज तेल तोडते, मोकळी स्निग्धाम्ले सुटतात आणि चव आधी कडवट, मग साबणासारखी होते. साबण तरी कशाचा असतो? स्निग्धाम्लांचाच. सूनबाईंची जीभ चुकलेली नव्हती.

आता आमच्या वर्गणीदारांनी काय केले ते पुन्हा पाहा. घासून सोलणाऱ्या हलरमध्ये दाणा खरचटला आणि निम्मा फुटला. तसाच तो पंधरा दिवस पोत्यात राहिला. वर कोमट पाणी मिळाले, म्हणजे विकराला जे हवे तेच. मग रोलरने उरलेल्या भिंतीही पाडल्या. विकर मरेल अशी उष्णता या सगळ्यात एकदाही दिली गेली नाही.

व्यवस्थित गिरणीत क्रम कसा असतो, ते मुळापासून सांगतो. दगड-माती, काडीकचरा, तणांचे बी काढण्याचा भाग आपल्या ओळखीचा आहे. चाळण्या, डीस्टोनर, वारा. त्यावर शाई खर्च करत नाही. पण प्रतवारीपाशी थांबले पाहिजे. ओटच्या एका कणसुलीत दोन-तीन दाणे धरतात. खालचा मोठा, वरचा लहान. दोन्ही एकाच गतीने सोलायला गेलो तर मोठा फुटतो नाही तर लहान तुसातच राहतो. म्हणून दाणे जाडीप्रमाणे दोन-तीन धारांत वेगळे करतात आणि प्रत्येक धारेला सोलणयंत्राची वेगळी गती लावतात. दोन दाणे एकाच तुसात अडकलेले ‘जोडदाणे’ आणि आत गर न भरलेले सुईसारखे बारीक दाणे इथेच बाहेर पडतात.

सोलण्याचे यंत्र म्हणजे जात्याची दोन तळी, असा एक जमाना होता. आज बहुतेक ठिकाणी फटक्याचे यंत्र असते. मधोमध जोराने फिरणारी तबकडी दाणा बाहेर भिरकावते, तो भोवतीच्या कड्यावर आपटतो आणि तूस सुटते. हलरमध्ये दाणा दाण्यावर आणि लोखंडावर घासतो. इथे तो एकदाच आपटतो. ओटचे तूस दाण्याला चिकटलेले नसते, नुसते गुंडाळलेले असते, म्हणून एक फटका पुरतो. मग उफणणी: वाऱ्याने तूस उडवायचे. न सोललेले उरतात ते वेगळे करायला तिरप्या हलत्या पाटाचे यंत्र, म्हणजे भात गिरणीवाल्यांचे पॅडी सेपरेटरच. सोललेल्या दाण्यावर बारीक लव असते. घासून ती काढावी लागते, आणि ती धूळ अंगावर बसली की दिवसभर खाजते. कामगाराला पूर्ण बाह्यांचा सदरा आणि तोंडाला फडके द्या. ही सूचना यंत्राच्या माहितीपत्रकात नसते.

तुसाचा भार दाण्याच्या पंचवीस ते तीस टक्के असतो. शंभर किलो ओट घेतला की चौथाई माल तुसाच्या ढिगात गेला हे धरूनच हिशेब मांडायचा. मोठ्या गिरण्यांनी या ढिगाचेही पैसे केले. अमेरिकेत आयोवा राज्यातल्या सीडर रॅपिड्स इथल्या क्वेकरच्या गिरणीत १९२२ साली ओटच्या तुसापासून फरफ्युरल नावाचे रसायन काढायला सुरुवात झाली. पुढे रेझिने आणि खनिज तेलाच्या शुद्धीकरणासाठी त्याला मोठी मागणी आली. त्याच गिरणीचे तूस २००३ पासून जवळच्या आयोवा विद्यापीठाच्या बॉयलरमध्ये जळते. आपल्याकडे ज्याला टाकीसाठी वाफ हवी आहे, त्याच्या जळणाची निम्मी सोय त्याच्याच ढिगात पडलेली असते.

आता टाकीकडे. इंग्रजीत तिला किल्न म्हणतात. आपण भट्टी म्हणू. तिचा उगम स्कॉटलंडच्या पावसात आहे. तिथे पीक काढणीला येते तेच ओलसर, उन्हाचा भरवसा नाही. म्हणून दाणा आधी भट्टीवर वाळवायचा आणि मग दळायचा, ही तिथली जुनी रीत. भोके पाडलेल्या लोखंडी पत्र्यांची जमीन, खाली पीट नावाच्या दलदलीतल्या वाळक्या मातीचा किंवा तुसाचा विस्तव, वर दाण्यांचा थर, आणि फावड्याने तो सतत उलथणारा माणूस. हेतू इतकाच, की दाणा वाळावा आणि तूस ठिसूळ होऊन जात्यात सहज सुटावे. पण त्याच उष्णतेने लायपेज मरत होते आणि कच्च्या ओटचा गवताळ, कडवट वास जाऊन भाजल्या शेंगदाण्यासारखा खमंगपणा येत होता. त्या गिरणीवाल्यांना विकर हा शब्द माहीत असण्याचे कारण नव्हते. पीठ टिकते आणि चवदार लागते, एवढे त्यांना माहीत होते आणि तेवढे पुरेसे होते.

आधुनिक गिरणीत बहुधा आधी सोलतात आणि मग तापवतात, म्हणजे तूस तापवण्यात जळण वाया जात नाही. सोललेला दाणा उभ्या उंच टाकीत वरून पडतो. वरच्या भागात त्याला थेट वाफ मिळते, खाली गरम नळ्यांमधून तो हळूहळू उतरतो. दाण्याचे तापमान शंभर अंश सेल्सिअसच्या आसपास आणि एकूण वेळ दीड ते दोन तास. बाहेर पडताना ओलावा दहा टक्क्यांच्या आत. यातला कळीचा शब्द वाफ हा आहे. कोरड्या उष्णतेत विकर चिवट असते. दाण्यात ओल असेल तर तेच विकर त्याच तापमानाला झटकन मरते. म्हणून नुसत्या कढईत परतलेला ओट वरून तांबूस दिसतो, वासही छान येतो, आणि आत लायपेज जिवंत राहू शकते. रंगावर विसंबणाऱ्यांची इथेच फसगत होते.

भट्टीचा आणखी एक उपकार सहसा कुणी सांगत नाही. लापशीला जो दाट, किंचित चिकट पोत येतो तो बीटा-ग्लुकॅन या विरघळणाऱ्या तंतूमुळे. कच्च्या दाण्यात हा तंतू तोडणारी विकरेही असतात. ती जिवंत राहिली तर ओल्या पिठाचा दाटपणा बघता बघता उतरतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९७ साली ओट्सच्या पाकिटावर हृदयाच्या आरोग्याचा दावा छापायला परवानगी दिली, ती याच तंतूच्या आधारावर, दिवसाला तीन ग्रॅमच्या हिशेबाने. म्हणजे भट्टी चुकली तर चव तर जातेच, ज्या गुणासाठी गिऱ्हाईक पैसे मोजते त्यालाही धक्का लागतो.

मग वाफ जितकी जास्त तितके चांगले? नाही, आणि ही चूक बॉयलरवाले नव्या उत्साहात करतात. फार तापवले की दाण्यातले नैसर्गिक रक्षक घटक नष्ट होतात, तेल उघडे पडते आणि हवेतल्या प्राणवायूने खवट होऊ लागते. हा खवटपणा वेगळा. त्याला साबणाची चव नसते, जुन्या रंगाच्या डब्यासारखा वास असतो. पहिला रोग भट्टी कमी पडल्याचा, दुसरा जास्त झाल्याचा. गिऱ्हाईक दोन्हीला ‘वास येतोय’ एवढेच म्हणते. कारखानदाराला फरक ओळखता आला पाहिजे.

तो मधला मुक्काम सापडायला एक सोपी चाचणी आहे. पेरॉक्सिडेज नावाचे दुसरे विकर लायपेजपेक्षा उष्णतेला जास्त टिकते. ते मेले तर लायपेज नक्की मेले. दाणे कुटून त्यावर ग्वायकॉलच्या द्रावणाचे थेंब आणि थोडे पातळ हायड्रोजन पेरॉक्साइड टाकायचे. काही मिनिटांत तपकिरी-लाल रंग आला तर विकर जिवंत. रसायने प्रयोगशाळेच्या सामानाच्या दुकानात मिळतात; हातमोजे घालायचे आणि चाचणीचा नमुना फेकून द्यायचा. ज्यांनी पोह्याच्या यंत्रावर लाखो रुपये घातले, त्यांनी ही एक बाटली आणलेली नसते, हे आम्ही वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत.

भट्टीतून निघालेल्या दाण्याचे पुढे काय करायचे, ते कुठली लापशी हवी यावर. अख्खा दाणा शिजायला फार वेळ घेतो, म्हणून त्याची कणी करतात. अमेरिकेत ही कणी लोकप्रिय केली ती अ‍ॅक्रन गावच्या फर्डिनांड शुमाकर या जर्मन वाण्याने. १८५६ साली त्याने तिथे ओटची गिरणी काढली, तेव्हा त्या देशात ओट म्हणजे घोड्याचा चारा. जात्यात कणीबरोबर पीठही फार पडे, आणि पिठाची लापशी म्हणजे खळ. १८७०च्या दशकात त्याच्याच गिरणीतल्या अस्मुस एरिक्सेन या कामगाराने दाणा कापणारे यंत्र बनवले. आजही तत्त्व तेच: भोकांचा फिरता पिंप, बाहेर स्थिर पाती. दाणा भोकातून उभा डोके काढतो आणि पाते त्याचे दोन ते चार तुकडे करते. चिरडत नाही, कापते. म्हणून पीठ कमी. हीच ‘स्टील-कट’ किंवा स्कॉटलंडची ‘पिनहेड’. गव्हाच्या लापशी रव्यावर वाढलेल्या आपल्या लोकांना ती सर्वांत जवळची वाटायला हवी, आणि तीच आपल्या दुकानांत सर्वांत कमी दिसते.

पोहे करायचे असतील तर दुसऱ्यांदा वाफ. ही वाफ विकर मारायला नाही, दाणा लवचीक करायला. नऊ-दहा टक्के ओलावा असलेला कोरडा दाणा रोलरखाली भुगा होतो. वीस-तीस मिनिटे वाफेत राहून ओलावा काही टक्क्यांनी वाढला की तो पसरतो, तुटत नाही. रोलर गुळगुळीत आणि दोन्ही एकाच गतीने फिरणारे. गव्हाच्या गिरणीत दोन रोलरच्या गतीत मुद्दाम फरक ठेवतात, कारण तिथे दाणा फाडायचा असतो. जुना गव्हाचा रोलर स्वस्तात घेऊन पोहे काढू पाहणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावे. पुढे गरम हवेच्या वाळवणीत ओलावा साडेअकराच्या आत आणायचा, थंड करायचे, मगच पिशवी. गरम पोहे पिशवीत भरले की आत घाम सुटतो.

अख्ख्या दाण्याचा जाड पोहा अर्धा ते पाऊण मिलिमीटर. कणीचा पातळ पोहा, ज्याला ‘क्विक’ म्हणतात, ०.४ मिलिमीटरच्या आसपास. क्वेकरने तो १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला बाजारात आणला. ‘इन्स्टंट’ त्याहून पातळ, ०.३च्या आसपास, आणि आधीच बराच शिजलेला. तो १९६६ साली आला. एक-दोन दशांश मिलिमीटरने काय होते, असे वाटेल. पातळ पोह्यात पाणी चटकन शिरते, पिष्ट चटकन फुगते, आणि पोटातही चटकन पचते. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात कणी आणि जाड पोह्याचा ग्लायसेमिक निर्देशांक साधारण पंचावन्नच्या आसपास आला, क्विक आणि इन्स्टंटचा सत्तरच्या वर. धान्य एकच, फरक प्रक्रियेचा. मधुमेह्यांसाठी म्हणून जो माल विकतो, त्याने पाकिटावर जाडी छापायला काय हरकत आहे? आमच्या पाहण्यात तरी असे पाकीट नाही. मसाला घातलेल्या पाकिटांबद्दल न बोललेलेच बरे.

स्कॉटलंडमधल्या कारब्रिज गावी १९९४ पासून लापशीची जागतिक स्पर्धा भरते; बक्षिसाला सोनेरी ढवळणकाठीचे नाव. पारंपरिक गटात ओटची भरड किंवा कणी, पाणी आणि मीठ एवढेच चालते. वाफवून चेपलेला पोहा तिथे बाद. दाट लापशीवर दूध-साखर ओतून ती गोड करणाऱ्या आपल्या घरांत हा नियम टिकणार नाही, आणि टिकू नये. पण केवळ तीन पदार्थ असले की माल किती उघडा पडतो, हे गिरणीवाल्याने एकदा करून पाहावे. नमुना तपासायला याहून स्वस्त प्रयोगशाळा नाही.

आपल्या प्रश्नाकडे परत. भारतातल्या पाकिटांतला ओट मोठ्या प्रमाणावर ऑस्ट्रेलियातून येतो. आपल्याकडे ओट पिकतो तो चाऱ्यासाठी. केंट हे वाण जुने. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने दिलेले फुले हरिताही चाऱ्याचेच. या वाणांची निवड हिरव्या पाल्यावर झाली, दाण्याच्या जाडीवर नाही. म्हणून बारीक दाणा आणि तुसाचा मोठा वाटा धरूनच चाला. शेजारच्या वावरात गहू असेल तर ग्लुटेनमुक्त हा शब्द पाकिटावर चुकूनही छापू नका. मर्यादा किलोला वीस मिलिग्रॅमची आहे आणि गव्हाचे मोजके दाणे ती ओलांडायला पुरतात. आणि दुकानातून आणलेले, औषध चोळलेले बियाणे खाण्यासाठी गिरणीत नेऊ नका. हे सांगावे लागू नये, तरी सांगतो.

ओट न करणाऱ्यांनाही हे प्रकरण लागू आहे. २०२३ च्या भरडधान्य वर्षानंतर नाचणी, ज्वारी, बाजरीच्या पोह्यांचे कारखाने जागोजागी उभे राहिले. नाचणीत तेल दीड टक्क्याच्या आसपास. ती चुका पोटात घालते. ज्वारीत दोन-तीन, तीही बरीच सोसते. बाजरीत पाच टक्के, कोंब दाण्याच्या मानाने मोठा, आणि लायपेज तयारच. बाजरीचे पीठ आठवडाभराच्या वर ठेवू नये हे आपल्या आयांना ठाऊक होते, म्हणून त्या लागेल तेवढेच दळत. पोहे करणारा मात्र सहा महिन्यांची मुदत छापतो. उकळीच्या पाण्यातून काही सेकंद काढून वाळवलेल्या बाजरीचे पीठ जास्त टिकते. तत्त्व ओटच्या भट्टीचेच.

आलेल्या पाकिटातले पोहे आम्ही खलात कुटले आणि चाचणी केली. दोन मिनिटांत रंग चहासारखा झाला. तसे त्यांना कळवले: रोलरला हात लावू नका, वाफेची सोय करा, सोलल्यापासून वाफेपर्यंत माल एक दिवसही पडू देऊ नका. त्यांचा फोन आला. बॉयलर नाही, पण भावाकडे हळद शिजवायचा वाफेचा कुकर आहे, तो चालेल का? चालेल, आम्ही म्हटले, पण पिंप नवे घ्या. हळदीचे पिंप कितीही घासले तरी लापशी पिवळी होईल. पाच किलोचा घाणा लावा, दर पाच मिनिटांनी मूठभर काढून चाचणी करा, रंग यायचा थांबेल ती वेळ भिंतीवर लिहून ठेवा. सोललेला उरला तो माल गोठ्यात गेल्याचे ते म्हणाले. जनावरांनी तक्रार केली नाही. तुसासकट दोन पोती अजून शिल्लक आहेत. पिंप येईपर्यंत ती उघडू नका, एवढे बजावून आम्ही फोन ठेवला.